पाण्याची गाडी

“घरात निजायला चांगल्या चार खोल्या असताना आईबापाला वाळवंटात तंबूत नेऊन निजवायचं, ह्याला काय म्हणावं गं?”

काकू अमेरिकेहून परत आल्यापासून मी ह्या विषयाचीच वाट बघत होते. सॉल्ट लेक सिटीतली चिरंजीवांची नवी गाडी, सूनबाईंचं स्वयंपाकघर, तिकडची भेंडी हे सगळं पहिल्या दोन दिवसांत आटोपलं होतं. आमच्या दोन घरांमधली भिंत छातीइतकी उंच आहे. तिच्यावर काकूंनी कुंड्या मांडल्यात आणि मधोमध कोपर टेकायपुरती जागा मोकळी सोडलीय. सातारा गावातल्या निम्म्या बातम्या ह्या मोकळ्या जागेतून इकडच्या तिकडं होतात असं आमचे हे म्हणतात. मी भाजीची पाटी भिंतीवर ठेवली आणि गवार मोडायला घेतली.

“कुठल्या वाळवंटात?”

“तिथल्याच, युटातल्या. मोआब म्हणून एक गाव आहे, घरापासून चार तासांवर. त्याच्या पुढं कॅन्यनलँड्स नावाचं राष्ट्रीय उद्यान. उद्यान म्हटल्यावर मी आपली चांगली साडी काढून ठेवली. सूनबाई म्हणाली, आई, ट्रॅक पँट घ्या. तिथं ना कारंजं, ना बाकडं, ना धड झाड. लाल दगड, त्याच्याखाली पांढरा दगड, त्याच्याखाली परत लाल दगड.”

“मग करायचं काय तिथं?”

“सायकल चालवायची!” काकूंनी हात असे उडवले की कोथिंबिरीची कुंडी हलली. “एवढी शिकलेली पोरं, लाखाच्या वर सायकलींना पैसे घातलेत, आणि तीन रात्री त्या दगडांतून पॅडल मारत जायचं. व्हाइट रिम म्हणतात त्या रस्त्याला. वर पठार, खूप खाली नद्या, आणि मधल्या पायरीवरून हा कच्चा रस्ता पठाराला वळसा घालून जातो. 160 किलोमीटर! काही बहाद्दर तेवढं एका दिवसात मारतात म्हणे. आमच्या चिरंजीवांना निदान तेवढी तरी अक्कल होती.”

“आणि तुम्ही?”

“आम्ही जीपमध्ये. ह्या सायकलवाल्यांच्या मागून एक गाडी लागते. फोर व्हील ड्राइव्ह, उंच चाकांची. तंबू, शेगडी, अंथरुणं, खाणं आणि सगळ्यात मुख्य म्हणजे पाणी, ते सगळं गाडीत. त्या अख्ख्या रस्त्यावर प्यायच्या पाण्याचा एक नळ नाही. सायकलवाले पाठीवर दोन बाटल्या घेऊन पुढं सुटतात, फोटो काढतात, आणि तहान लागली की मागं वळून बघतात, आई आली का.”

काकूंचं माहेर माण तालुक्यातलं. आमच्या जिल्ह्याचा तो दुष्काळी कोपरा. लहानपणी टँकरची वाट बघत हंडे रांगेला लावलेली ही बाई, तिला पाण्याचं काय सांगायचं! तेव्हा पाण्याचं खातं त्यांच्याकडं गेलं ह्यात मला नवल वाटलं नाही.

“पार्कवालेच सांगतात, माणशी दिवसाला चार लिटर धरा. आम्ही पाच माणसं. मुलगा, सून, आम्ही दोघं आणि विहीणबाई.”

“ठाण्याच्या? त्या पण आल्या होत्या?”

“त्यांच्याकडं येतेच मी.” काकूंनी आवाज खाली घेतला आणि लगेच परत वर नेला. “पाच माणसं, चार दिवस, ऐंशी लिटर. वर एक कॅन अडीअडचणीला. मोआबमध्ये मी स्वतः उभं राहून भरून घेतलं. मुलगा म्हणतो, आई, एवढं कशाला, हवा थंड आहे. म्हटलं, बाळा, तुझी आजी माणातली होती. पाणी उरलं तर ओतता येतं, सरलं तर काय ओतशील? आणि तिथला पाऊस माहितीये का किती? आमच्या माणात पडतो त्याच्या निम्मा!”

“वर्षाला 25 सेंटिमीटरच्याही आत,” पलीकडून आवाज आला. “आपल्या महाबळेश्वरला जुलैत एखाद्या जोरदार दिवशी एवढा पडून जातो.”

समोरचे मास्तर. भूगोल शिकवून निवृत्त झालेत, पण भूगोलानं त्यांना सोडलेलं नाही. जास्वंदीची फुलं काढायला म्हणून ते कुंपणाशी येतात आणि फुलं काढून झाली तरी तिथंच असतात.

“या मास्तर,” काकू म्हणाल्या, “तुमचीच उणीव होती.”

मास्तरांना हा टोमणा वाटला नाही. “वाळवंट म्हटलं की लोकांना जैसलमेरची वाळू आठवते. हे उंचावरचं वाळवंट. ते वरचं पठार समुद्रसपाटीपासून 1800 मीटरच्या आसपास आहे. त्यामुळं हिवाळ्यात बर्फ, उन्हाळ्यात भट्टी. जायचं ते एप्रिल-मेमध्ये नाहीतर सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत.”

“एप्रिलातच गेलो होतो. दुपारी छान ऊन, वीसेक अंश. पण रात्री? शून्याला टेकतं! मी दोन स्वेटर, शाल, कानटोपी आणि वरून ती झोपायची पिशवी. ह्यांचं म्हणणं, तारे बघायला बाहेर या. काळोख जपल्याबद्दल 2015 साली त्या पार्काला मान मिळालाय म्हणे. म्हटलं, काळोख आमच्या माहेरी फुकट होता.”

“पण तारे कसे होते?” मी विचारलं.

“होते चांगले,” काकूंनी नाइलाजानं कबूल केलं.

मग घाटाची गोष्ट निघाली. ती काकू कोपर टेकून सांगू शकत नाहीत, त्यांना दोन्ही हात लागतात. वरच्या पठारावरून त्या मधल्या पायरीवर उतरायला शेफर ट्रेल नावाचा घाट आहे. चारशे मीटरच्या वर उतार, रस्ता एका गाडीचा, कच्चा, कडेला कठडा म्हणून काही नाही. “पसरणीच्या घाटाला मी आजवर नावं ठेवली, आता ठेवणार नाही. इथं निदान दगडी कठडा आहे, वळणावर हॉर्न वाजवणारा एसटीचा ड्रायव्हर आहे. तिथं खिडकीतून खाली बघितलं तर रस्त्याचे पुढचे वेढे दिसतात, एकाखाली एक, आणि त्यांच्यावरून आमचे चिरंजीव ब्रेक धरून घसरत चाललेत. गाडी सून चालवत होती. एक शब्द बोलली नाही, मी पण बोलले नाही. मागं हे झोपले होते.”

“झोपले?”

“झोपले. घाट संपल्यावर उठून विचारतात, चहा कुठं घ्यायचा.”

मास्तरांनी सांगितलं की ही मुळात गुरं उतरवायची वाट. शेफर नावाच्या कुटुंबाची गुरं तिथून खाली चरायला जायची. पुढं 1950च्या दशकात युरेनियमचं वेड आलं. 1952 साली चार्ली स्टीन नावाच्या एका फाटक्या माणसाला मोआबच्या दक्षिणेकडं युरेनियमचं घबाड सापडलं, आणि मग जो उठला तो किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र घेऊन डोंगरात. अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगानं खाणवाल्यांना आत जाता यावं म्हणून हा व्हाइट रिमचा रस्ता करवून घेतला. त्या बाजूला युरेनियम जेमतेमच निघालं. रस्ता तेवढा राहिला.

“म्हणजे बॉम्बसाठी केलेल्या रस्त्यावर आता पोरं सायकली खेळतात,” मी म्हटलं.

“1964 साली राष्ट्राध्यक्ष जॉन्सननी सही केली आणि उद्यान झालं,” मास्तर म्हणाले. “त्याच्यामागं बेट्स विल्सन नावाचा अधिकारी होता. शेजारच्या आर्चेस उद्यानाचा प्रमुख. तो मंत्र्यासंत्र्यांना जीपमध्ये घालून ह्या दऱ्या दाखवायला न्यायचा आणि रात्री जाळावर बिडाच्या भांड्यात स्वतः रांधून जेवायला घालायचा.”

“बघा!” काकूंनी भिंतीवर थाप मारली. “जीप चालवून आणि जेवायला वाढूनच झालं ना सगळं? सायकलवाल्यांनी केलं का? आता फोटो बघ तू.” त्यांनी फोन काढला. फोटोत लाल कडे, मागं लांबवर ला सालच्या डोंगरांवर बर्फ, पुढं हेल्मेट घातलेला मुलगा दगडावर सायकल उचलून उभा. दुसऱ्यात सून. तिसऱ्यात मुलगा आणि सून. “दीडशे फोटो आहेत. जीप दिसते का कुठं? एका ठिकाणी अर्धं चाक आलंय.”

हे मला पटलं. आमच्याकडंही दरसाल वारीच्या बातम्या येतात, पण पालखीच्या मागून टँकर घेऊन चालणाऱ्यांचा फोटो पेपरात मी फारसा बघितलेला नाही.

“बरं, मिळतं तरी का सहज? की गेलं आणि तंबू ठोकला?”

“छे! जागा ठरलेल्या. कुठल्या रात्री कुठल्या मुक्कामावर ते आधी बुक करायचं, वसंतातलं चार महिने आधीपासून. कॉम्प्युटरवर खिडकी उघडली की पोरं तुटून पडतात. एका दिवसात जाऊन येणाऱ्यांनाही परमिट लागतं, दिवसाला 50 सायकली, बास. आपल्या कासला फुलांच्या दिवसांत असतं ना, तसंच. पण तिथं ओळख काढून आत सोडत नाहीत.” ह्या शेवटच्या वाक्यावर मास्तर जरा चुळबुळले. त्यांचा पुतण्या कुठंतरी ओळखीचा आहे.

सराट्याची गोष्ट काकूंनी मुद्दाम मास्तरांसाठी राखून ठेवली असावी. मोआबला पाणी भरताना चिरंजीव सायकलीवरून गावात एक चक्कर मारून आले आणि आल्या आल्या खाली बसले. पुढच्या टायरात काटे. तिकडं त्याला बोकडाचं डोकं म्हणतात, सायकलवाले त्याच्या नावानं बोटं मोडतात. “मी एक काटा उपटून हातावर घेतला. दोन शिंगं वर, एक बाजूला, कसाही पडला तरी एक टोक वर. म्हटलं, अरे हा तर सराटा! आमच्या शेताच्या बांधावर अनवाणी पायांनी ह्याच्यावरून मी शाळेत गेलेय. मुलगा म्हणतो, आई, उगाच काहीतरी. सुनेनं फोनवर शोधलं. निघाला ना सराटाच!”

“गोखरू,” मास्तर म्हणाले. “दशमुळातलं. तेच झाड, तीच जात. मूळ भूमध्य समुद्राच्या बाजूचं समजतात. अमेरिकेत ते बाहेरून घुसलेलं तण आहे.”

“त्याला व्हिसा लागला नाही,” काकू म्हणाल्या. “मग टायरचं मला वाटलं झालं, आता ट्यूब काढणार, पाण्यात बुडवून बुडबुडे बघणार. तर त्यात ट्यूबच नाही. आत पांढरा चीक घालतात. काटा उपटला की भोकातून चीक बाहेर येतो, चाक थोडं फिरवलं की वाळून बसतो, झालं. सायकल परत पळते. आणि वाळूत जायच्या आधी चाकातली हवा कमी करतात. मला वाटलं वेड लागलं. पण टायर जरा पसरट झाला की वाळूत रुतत नाही.”

उद्यानात सायकल ठरलेल्या रस्त्यावरूनच चालवायची, एक फूटभरही बाजूला नाही. त्याचं कारण काकूंना सुनेचा ओरडा खाऊन कळलं. पहिल्या दुपारी गाडी थांबली होती. बाजूला एका खडकाच्या कपारीत लालभडक फुलांनी भरलेलं निवडुंग. काकू पर्स सावरून निघाल्या फोटो काढायला. मध्ये मातीवर काळे खवले, गाठीगाठीची, करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखी जमीन. त्यांनी पाय उचलला मात्र, सून मागून किंचाळली.

“मला वाटलं साप. म्हणते, आई, ती माती जिवंत आहे! डोळ्यांना न दिसणाऱ्या शेवाळाच्या जातीचे धागे, त्यांच्यात दगडफूल, मॉस, सगळं मिळून मातीचे कण बांधून ठेवतं. त्यामुळं वाऱ्यानं माती उडत नाही, पाऊस पडला तर पाणी धरून ठेवते, हवेतला नायट्रोजन झाडांना देते. एक पाऊल पडलं की तुटते, आणि परत भरून यायला वर्षानुवर्षं, कधी कधी माणसाचं अख्खं आयुष्य. मी पाय तसाच वर धरून उभी. बगळा! म्हटलं, आता टेकवू कुठं ते सांग.”

“मग?”

“दगडावरून नाहीतर सुक्या ओढ्याच्या पात्रातून चालायचं. वळसा घालून गेले. फुलाचा फोटो काढला. हलला.”

पुढं सपाट पांढऱ्या दगडावर खळगे होते, त्यांत आठवड्याभरापूर्वीच्या पावसाचं पाणी साचलेलं. विहीणबाईंनी हात धुवायला वाकायचा अवकाश, सुनेनं आईलाही सोडलं नाही. मला काकूंच्या चेहऱ्यावर समाधान स्पष्ट दिसलं. त्या पाण्यात नखाएवढे ढालीच्या पाठीचे झिंगे वळवळत होते. खळगा आटला की ते मरतात, पण अंडी तशीच वाळलेल्या गाळात वर्षानुवर्षं पडून राहतात आणि पुढच्या पाण्यात जिवंत होतात. हाताला लावलेलं क्रीम त्या ओंजळभर पाण्यात उतरलं तरी त्यांचा घात. मास्तर म्हणाले की ह्यांच्या नात्यातले झिंगे आपल्या सह्याद्रीच्या सड्यांवर पावसाळी डबक्यांतही असतात. “आपण त्यात गाड्या धुतो,” असं म्हणून ते गप्प झाले. मास्तर गप्प झाले ही सुद्धा सांगण्यासारखीच गोष्ट.

“अहो पण काकू,” मला केव्हाचं विचारायचं होतं, “तो सिनेमा आला होता बघा, मुलाचा हात दगडात अडकतो नि तो स्वतःच... तो त्याच भागातला ना? रहमानचं संगीत होतं.”

“तोच! नको नाव काढू. ॲरन रॉल्स्टन. 2003च्या एप्रिलात, आम्ही गेलो त्याच दिवसांत. उद्यानाचाच एक तुकडा लांब वेगळा आहे, तिथं गाडी लावून हा सायकलनं पुढं गेला, सायकल बांधून ठेवली आणि चिंचोळ्या घळीत शिरला. दगड निसटला, हात अडकला. पाच दिवस! शेवटी खिशातल्या चाकूनं हात कापून सुटला. आणि का एवढा वेळ कुणी शोधायला आलं नाही? कुठं चाललोय ते घरी कुणाला सांगितलंच नव्हतं. त्याच्या आईचं काय झालं असेल? मी तर निघायच्या आधी कुठल्या रात्री कुठं मुक्काम, गाडीचा नंबर, परतायची वेळ सगळं कागदावर लिहून शेजारच्या बाईंकडं दिलं. मुलगा लाजला. त्याला काय होतंय लाजायला! आत गेलं की फोनला रेंज नाही, आणि गाडी बंद पडली तर ओढून बाहेर काढायचे हजार डॉलरच्या वर घेतात. हजार डॉलर!”

त्यांनी ते रुपयात सांगितलं, मग सोन्यात सांगितलं.

दुसऱ्या दिवशीचा मर्फी हॉगबॅक नावाचा चढ काकूंच्या आवडीचा निघाला. एवढा उभा, की गाडीत बसून वर आभाळच दिसतं. काकू म्हणाल्या, मी उतरते, चालत जाते. निम्म्यात पोचल्या तर चिरंजीव सायकलवरून खाली उतरलेले, दोन्ही हातांनी ढकलतायत, तोंड टोमॅटोसारखं. काकू पर्स काखेत मारून त्यांच्या शेजारून पुढं निघून गेल्या. “वर पोचून मी बिस्किटाचा पुडा फोडला. म्हटलं, ये बाळा सावकाश. ह्याचाही फोटो नाही बरं का कुणी काढला.”

तिथल्या वाऱ्याचं मात्र त्यांना काही केल्या हसू येईना. वसंतातला वारा, दुपारनंतर सुटला की थांबत नाही. तंबूचे खुंटे दगडात जात नाहीत म्हणून दोऱ्यांना दगड बांधले. रात्रभर कापड फडफडत होतं, आणि वाळू इतकी बारीक की बंद चेनमधूनही आत. लाकूड पेटवायला बंदी, म्हणून गॅसच्या शेगडीवर मुगाची खिचडी केली. शेगडीला आडोसा म्हणून काकांना उभं केलं. खिचडीचा प्रत्येक घास दाताखाली कचकच. तरी पातेलं रिकामं झालं. खरकटं, कचरा, चहाचा चोथा, सगळं पिशवीत भरून परत आणायचं.

“आणि ते...?” मी विचारलं. मास्तर होते, पण विचारल्याशिवाय राहवेना.

“आहे. मुक्कामाच्या जागी खोली बांधलेली आहे, खाली खड्डा. स्वच्छ असते. पण पाणी नाही.” काकूंनी माझ्याकडं अर्थपूर्ण बघितलं. “ऐंशी लिटरच्या वर मी एक कॅन का घेतला ते आता कळलं ना? ह्या बाबतीत विहीणबाईंचं आणि माझं एकमत झालं. तेवढंच एक.”

मास्तर फुलांची परडी घेऊन आत गेले.

कावळ्याचा प्रकार शेवटच्या मुक्कामावरचा. ग्रीन नदीच्या काठी, पोटॅटो बॉटमला. तिथं प्रथमच झाडं भेटली, कॉटनवूडची, कोवळ्या पोपटी पानांची. काकूंना बरं वाटलं. त्यांनी इथून नेलेली शेवटची पुडी काढली, धपाटे. घडीच्या टेबलावर ठेवून चहाला आधण टाकायला वळल्या. रेव्हन म्हणतात तसला कावळा, आपल्या डोमकावळ्यापेक्षाही थोराड, टेबलावर उतरला. घाई नाही, गडबड नाही. पुडीचं तोंड चोचीनं उलगडलं, वरचा धपाटा बाजूला केला, आणि खालचे दोन एकदम उचलून गेला.

“वरचा का सोडला?”

“तो जरा करपला होता. रेंजर लोक आधीच बजावतात, हे कावळे पिशव्यांच्या चेनसुद्धा उघडतात, खाणं बाहेर ठेवू नका. सून चिडली, प्राण्यांना खायला घालायची बंदी आहे म्हणून. मी म्हटलं, मी कुठं घातलं? त्यानं नेलं. हे म्हणाले, आमच्या आईला धपाटे फार आवडायचे. एवढ्या लांब आली बघ.” काकू हसायला लागल्या. “सासूबाईंनी करपलेला कधीच खाल्ला नाही, हे मात्र खरं.”

मी गवार संपवली होती, पण विहीणबाई राहिल्या होत्या. “आणि त्या? जीपमध्येच होत्या का तुमच्याबरोबर?”

“कुठल्या! दुसऱ्या दिवशी सपाट दगडाचा टप्पा आला, तर म्हणतात, मी जरा बसून बघते सायकलवर. ठाण्यात येऊरला जातात म्हणे सकाळी. लेकीचं हेल्मेट घातलं, हातमोजे घातले, आणि गेल्या की टणाटण! मुलगा टाळ्या वाजवतोय, ‘मम्मी, गिअर बदला, मम्मी, गिअर!’ मला आई, त्यांना मम्मी. दीडशे फोटोंतले चाळीस त्यांचे आहेत. बासष्टाव्या वर्षी!”

“कौतुकच आहे पण.”

“मी कुठं नाही म्हणते? कौतुकच आहे.” काकूंनी आजूबाजूला बघितलं, पुढं वाकल्या, आणि भिंतीवरची मोकळी जागा त्यांच्या कोपरांनी पूर्ण भरली. “पण एक सांगते, कुणाला बोलू नकोस. मी प्रत्येक कॅनवर पेननं रेघ मारून ठेवायची. रात्री मारायची, सकाळी बघायची. आमच्या आईची सवय, रांजणावर कोळशानं. तिसऱ्या सकाळी कॅन रेघेच्या खाली! बरंच खाली. ह्यांना विचारलं, नाही. मुलाला विचारलं, नाही. मग न्याहारीला विहीणबाई आल्या. केस मोकळे. आणि चमकत होते.”

“अय्या!”

“शांपूचा वास! वाळवंटात! मी म्हटलं, वाऱ्यानं केस किती छान झालेत हो तुमचे. त्या म्हणाल्या, हो ना, कोरडी हवा मानवते मला.”

“मग तुम्ही काय केलंत?”

“काय करणार? व्याह्यांचं नातं. माझा दुपारचा चहा सोडला आणि गणित जमवलं. सुनेला अजून माहीत नाही, आणि कळताही कामा नये, तिनं आईला त्या खळग्यात बोट बुडवू दिलं नव्हतं. तुला म्हणून सांगितलं. आता ऑक्टोबरात परत जायचं म्हणतायत, विहीणबाईंनी तर सायकल विकत घेतली. मी मुलाला सांगितलंय, येते, पण पाण्याची किल्ली माझ्याकडं.”

“साधारण किती गेलं असेल पाणी?” जास्वंदीच्या मागून आवाज आला.

काकूंनी डोळे मिटले. “तीन लिटर, मास्तर.”

“केसांना तीन म्हणजे जास्तच झालं हो.”

“घ्या,” काकू मला म्हणाल्या. “मास्तरांची बहीण ठाण्याला असते.”